सेकंदाचा अडीचशेवा भाग

एका सेकंदाचे अडीचशे तुकडे करायचे आणि त्यातला एक उचलून घरी आणायचा, एवढीच शिवरुद्रअप्पांची इच्छा होती. अप्पा परभणीतल्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. तिथे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला कागदाला अडीच महिने लागले, तरी कागद धावत गेला असं म्हणत. अशा ठिकाणी सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाने सेकंदाच्या मागे लागावं, हे गल्लीला पटण्यासारखं नव्हतं.

याचं मूळ त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर होतं. तिथे चन्नबसम्मांचा, म्हणजे अप्पांच्या बायकोचा फोटो होता. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. फोटो लिंबाजीच्या स्टुडिओतला; मागे पडद्यावर काश्मीरचं तळं, शेजारी उंच स्टूल, स्टुलावर कागदी फुलं, आणि फुलांना धक्का लागणार नाही अशा बेताने हात ठेवून, श्वास कोंडून उभ्या चन्नबसम्मा. बाई हयातीत एवढा वेळ एका जागी कधी उभी राहिली नव्हती. भाकरी थापताना बोलायची, बोलताना हातवारे करायची आणि हातवाऱ्यांबरोबर पीठ अप्पांच्या चष्म्यापर्यंत पोचायचं. पहिली दोन वर्षं ती अप्पांना तशीच आठवायची. मग आठवायला गेलं की फोटोच आठवू लागला. आता डोळे मिटले की काश्मीरचं तळं दिसे. अप्पा काश्मीरला कधी गेले नव्हते आणि जायची इच्छाही नव्हती.

घरात दुसरं माणूस म्हणजे मुलगी, सिद्धम्मा. नाव आजीचं, चाल आईची. चौदाव्या वर्षापासून ती क्लबाच्या हॉलमध्ये बॅडमिंटन खेळत होती. तिचं लग्न वैशाखात ठरलं होतं, उदगीरला. सासरची माणसं चांगली होती, घरात दोन म्हशी होत्या, फक्त बॅडमिंटनचं कोर्ट नव्हतं. त्याआधी फेब्रुवारीत जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या. म्हणजे तिचा शेवटचा खेळ. तिथे, उडी मारून बॅडमिंटनचं फूल हाणताना, पाय जमिनीपासून वीतभर वर असताना तिचा एक फोटो मिळाला पाहिजे, असं अप्पांनी ठरवलं. नाहीतर वैशाखानंतर तीही भिंतीवर जाऊन उभी राहील, ही धास्ती त्यांनी कोणाला सांगितली नाही. सांगायला घरात होतं कोण? जी होती तिला हे सांगता येत नव्हतं.

अप्पांकडे एक डब्बा कॅमेरा होता. त्याच्यावर दोन चित्रं होती, सूर्याचं आणि ढगाचं. हवा पाहून खटका सरकवायचा. पण उडी पुसट न होता पकडायची तर कॅमेऱ्याचा डोळा सेकंदाच्या अडीचशेव्या भागात मिटायला हवा, आणि त्याला उजेड भरपूर लागतो. क्लबाच्या हॉलमध्ये सूर्यही नव्हता आणि ढगही.

हा हॉल म्हणजे निझामाच्या काळातलं कापसाचं गोदाम. खिडक्या भरपूर होत्या, पण एकाहत्तरच्या लढाईत ब्लॅकआउटचा हुकूम आला तेव्हा त्यांच्या काचांना निळा रंग फासला होता. परभणीवर बॉम्ब टाकून शत्रूच्या हाती काय लागलं असतं हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही, आणि लढाई संपल्यावर रंगाचं काय करायचं हेही कोणी विचारलं नाही. आत चार दिवे होते. व्होल्टेज इतकं कमी की दिव्यातली तार सुटी मोजता येई. बाहेर टळटळीत दुपार असली तरी आत कायम दिवेलागण.

अप्पांनी क्लबाचे सेक्रेटरी आबासाहेब यांच्याकडे रीतसर अर्ज केला, की खिडक्यांचा रंग खरवडावा किंवा तसं करण्याची अर्जदारास परवानगी मिळावी. आबासाहेब निवृत्त नायब तहसीलदार होते.

"रंग हुकमानं लागलाय अप्पा," ते म्हणाले. "काढायचा हुकूम दाखवा, आत्ता काढतो."

"आबासाहेब, लढाई संपून किती वर्षं झाली."

"ते मला माहीत हाय. कागदावर हाय का?"

आठ दिवसांनी अर्ज परत आला. समासात लाल शाईने शेरा होता: 'सदर प्रकाशाची आवश्यकता का भासली याचा सविस्तर खुलासा व्हावा.' अप्पा तो शेरा बराच वेळ पाहत राहिले. हीच वाक्यरचना त्यांनी सव्वीस वर्षांत किती अर्जांवर लिहिली असेल याचा हिशेब नव्हता. ती अर्जदाराच्या बाजूने वाचताना कशी लागते हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. खुलासा करायला ते बसलेही. 'मुलगी सासरी जाणार असल्याने' एवढं लिहून झालं आणि पुढे कारण सुचेना. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली.

उजेड वाढत नाही म्हटल्यावर कॅमेरा वाढवणं आलं.

इथे शेजारच्या बन्सीधरांचा प्रवेश होतो. बन्सीधर एका अडतीवर मुनीम होते आणि कापूस सोडून बाकी सगळ्या विषयांत त्यांना गती होती. "मी सांगू का?" असं विचारून ते बोलायला सुरुवात करत, उत्तराची वाट पाहत नसत.

"मी सांगू का अप्पा? कॅमेरा घ्या, पण भिंग लांब घ्या. असं हातभर. चार माणसांना दुरून दिसलं पाहिजे की यानं काहीतरी आणलंय."

"पोरीच्या लग्नाला भांडी घ्यायची सोडून काचा आणायलेत," आतून त्यांच्या पत्नी कस्तुराबाई म्हणाल्या. त्या मत देत नसत, भिंतीशी बोलत. पण भिंत सामाईक होती.

अप्पा आधी औरंगाबादला निघाले. त्या दिवशी नामांतराचा रास्ता रोको होता आणि एसटी सेलूच्या पुढे सरकेना. चार तास गाडीत बसून काढले. शेजारच्या उतारूने विचारलं, काय काम काढलंय? भिंग आणायला निघालोय, अप्पा म्हणाले. त्यानंतर तो उतारू बराच वेळ अप्पांच्या डोळ्यांकडे सहानुभूतीने पाहत होता. दुपारी एसटी उलटी फिरली. पुढच्या आठवड्यात अप्पा रात्रीच्या गाडीने हैदराबादला गेले आणि एका दुकानातून जुना पण चालू जपानी कॅमेरा, आणि त्यावर हातभर नाही तरी वीतभर लांब भिंग घेऊन आले. दुकानदार म्हणाला होता, "ले जाव अप्पा, दूर का आदमी बाजू में बैठे सरका दिखता." अप्पांना दुसरं काय हवं होतं?

गल्लीने भिंगाचं कौतुक केलं. बन्सीधरांनी ते डोळ्याला लावून स्टेशनच्या सिग्नलवरचा कावळा पाहिला. मग अप्पा ते घेऊन हॉलमध्ये गेले, सिद्धा सराव करत होती तिच्यावर रोखलं, आणि आत काहीच दिसेना. आधी त्यांना वाटलं झाकण राहिलं. झाकण काढलेलं होतं. कॅमेऱ्यात उजेड मोजायचा एक काटा असतो, तो तळाशी निजून होता. उठायचं नावच घेईना.

दुकानातून मिळालेलं इंग्रजी पुस्तक अप्पांनी तेव्हा उघडलं. त्यात लिहिलं होतं की भिंगाची लांबी महत्त्वाची नाही, त्याचं तोंड किती उघडतं ते महत्त्वाचं. त्याला आकडे असतात आणि आकडा जितका लहान तितकं भिंग मोठ्या मनाचं. अप्पांचं साडेतीनचं होतं. पाहिजे होतं एक पूर्णांक आठचं. असलं भिंग आखूड, जाडजूड, कुंकवाच्या करंड्याएवढं असतं. अप्पा पुन्हा हैदराबादला गेले, लांब देऊन आखूड घेऊन आले.

"मोठं देऊन लहान आणलं," बन्सीधरांनी गल्लीत जाहीर केलं. "वर पैसेबी भरले असतील. हुशार माणूस एकटा राहिला की असं होतंय."

हे शेवटचं वाक्य ते हळू म्हणाले. पण भिंत सामाईक होती.

मग फ्लॅश का नाही, असं वाचक विचारतील. सरावाच्या वेळी अप्पांनी एकदा मागून आणलेला फ्लॅश मारला. त्या क्षणी आबासाहेब समोरून फूल परतवत होते. त्यांना पुढची पाच मिनिटं सगळीकडे जांभळे गोल दिसत होते आणि फूल नाकावर बसलं ते वेगळं. दुसऱ्या दिवशी हॉलच्या दारावर, आत आणि पाण्याच्या माठाजवळ अशा तीन ठिकाणी सूचना लागली: 'खेळ चालू असताना उजेड पाडू नये.' या हॉलमध्ये ही सूचना लावायची वेळ येईल असं कोणालाही वाटलं नव्हतं.

राहिली फिल्म. पुस्तकात तोडगा होता. चारशे नंबरची फिल्म सोळाशेची, म्हणजे चौपट कमी उजेडात भागवणारी, आहे असं कॅमेऱ्याला सांगायचं, आणि धुताना ती जास्त वेळ धुवायची. अप्पा लिंबाजीकडे गेले. लिंबाजी फोटोग्राफर घड्याळ वापरत नसे. फिल्म डब्यात घातली की डब्यावर झाकण, आणि मग डेव्हलपरला दोन बिड्या, हायपोला एक, अशी त्याची बसलेली रीत होती.

"चारशेची सोळाशे केली तर किती?" अप्पांनी विचारलं.

लिंबाजीने विचार केला. "पाच लागतील. फिल्मला काय होत न्हाई अप्पा, माझ्या छातीचं बगा." मग म्हणाला, "पर एवढा कुटाना कशाला? हितं आना की ताईला. काश्मीर हाय, नवा ताजमहालबी आनलाय. वहिनीसायबांचा कसा साफ काढला व्हता! लय हलायच्या. मीच म्हनलं, बाई, श्वास धरा. फोटू झाल्यावर मात्र हसल्या, अशा हसल्या, स्टूल पाडलं त्यांनी."

अप्पांचा चष्मा पुसायचा होता, तो त्यांनी पुसला. "मग तो का नाही काढला?"

"तवर रोल संपला व्हता," लिंबाजी म्हणाला.

स्पर्धेच्या दिवशी अप्पा नेटच्या खांबाजवळ बाकावर बसले. रोल छत्तीसचा. भिंग एक पूर्णांक आठवर उघडं. काटा आता मधोमध उभा, आज्ञाधारक. अप्पांनी चकती अडीचशेव्या भागावर फिरवली. सहा महिन्यांचा खटाटोप, दोनदा हैदराबाद आणि एकदा सेलू त्या एका चकतीत होतं. सिद्धेचा अंतिम सामना नांदेडहून परभणीला बदली होऊन आलेल्या एका डॉक्टरीणबाईंशी होता. अंपायरच्या उंच खुर्चीवर आबासाहेब.

तिसऱ्याच फुलाला सिद्धा मागे सरली, वाकली, उडी घेणार तेवढ्यात अप्पांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

सिद्धा थांबली. रॅकेट खाली, दोन्ही पाय जोडून, पदर नसताना पदर सारखा करून, ती कॅमेऱ्याकडे पाहत उभी राहिली. फूल तिच्या मागे टप्पकन पडलं. डॉक्टरीणबाईही नेटजवळ येऊन उभ्या राहिल्या. आबासाहेबांनी कोटाचं वरचं बटण लावलं. समोरच्या बाकांवरची मंडळी टोप्या नीट करून स्तब्ध झाली. अप्पांच्या बोटाने सवयीने खटका दाबला.

यात कोणाची चूक नव्हती. परभणीत तोवर हलताना कोणाचा फोटो निघाला नव्हता. कोणी कॅमेरा उचलला की उभं राहायचं, ही थोरामोठ्यांनी लावलेली शिस्त होती. समोरचा माणूस आपल्यासाठी एवढं करतोय, मग आपण हात-पाय हलवणं म्हणजे उद्धटपणा.

"अगं खेळ," अप्पा म्हणाले. "माझ्याकडे बघू नको."

"बघत न्हाई अप्पा."

पुन्हा फूल उडालं, पुन्हा कॅमेरा वर, पुन्हा सगळा हॉल राष्ट्रगीताला उभा राहिल्यासारखा. गुण डॉक्टरीणबाईंना.

अप्पा माठामागे गेले. माठामागून भिंग निघालं की बाकांवरून "फोटू, फोटू" अशी कुजबुज उठे आणि खेळाडूंना वेळेवर सूचना मिळे. त्यांनी अंगावर शाल घेऊन आतून काढून पाहिलं. फेब्रुवारीत दुपारी शाल घेतलेला माणूस आजारी दिसतो म्हणून दोघांनी त्यांना पाणी आणून दिलं, आणि पाणी देताना तेही भिंगाकडे तोंड करून उभे राहिले. पहिला गेम सिद्धा चार-अकरा हरली. दुसरा मात्र तिने जिंकला, कारण आता डॉक्टरीणबाईच आधी थांबू लागल्या होत्या.

तिसऱ्या गेमच्या आधी सिद्धा घाम पुसत बाकाजवळ आली.

"अप्पा, काय करायलात तुमी?"

"तू थांबतीस कशाला पण?"

"मी न्हाई थांबत. तुमी कॅमेरा लावला की पायच थांबतेत." तिने टॉवेल त्यांच्या मांडीवर ठेवला. "तुमी बघायलात म्हणल्यावर कसं पळू?"

याच्यावर पुस्तकात तोडगा नव्हता. रोलमध्ये तीन चित्रं शिल्लक होती. तिसऱ्या गेमला अप्पांनी काही न पाहता ती तिन्ही एकामागून एक जमिनीवर मारून टाकली, कॅमेरा पिशवीत घातला, पिशवीवर टॉवेल ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसले. सिद्धा सुटल्यासारखी खेळली. अशी उडी तिने आयुष्यात मारली नसेल. पायाखाली वीतभर नाही, हातभर हवा होती. आबासाहेबही गुण सांगायचे विसरले. अप्पांनी कॅमेरा बाहेर काढला असता तरी आता त्यात काही नव्हतं.

तो गेम ती नऊ-अकरा हरली, पण कोणाच्याही मदतीशिवाय.

लिंबाजीने पाच बिड्या ओढून रोल धुतला आणि प्रिंट घेऊन स्वतः घरी आला. त्याच्या चेहऱ्यावर अभिमान मावत नव्हता.

"तेहतीसच्या तेहतीस साफ, अप्पा. एकबी हालला न्हाई. तीन जिमिनीचे आलेत, तेबी साफ."

अप्पांनी फोटो पाहिले. तेहतीस वेळा सिद्धा हात खाली सोडून उभी होती. मागे निळ्या काचा, बाजूला डॉक्टरीणबाई, वर बटण लावलेले आबासाहेब.

"मी सांगू का?" बन्सीधर फोटो हातात घेऊन म्हणाले. "हे तर डब्बा कॅमेऱ्यानंबी निघाले असते." यावेळी त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं, आणि अप्पांनी त्यांना चहा दिला.

वैशाख आला. लग्न नीट पार पडलं. भांडीही घेतली गेली. कस्तुराबाईंनी ती भिंतीला न सांगता थेट बाजारात जाऊन निवडली. फोटोचं काम लिंबाजीकडे होतं आणि त्याचा शेवटचा रोल जेवणाच्या पंगतीत संपला, कारण वाढपी आग्रहाने जिलबी घेऊन पोज देत होते. अप्पांच्या गळ्यात त्यांचा कॅमेरा सकाळपासून लटकत होता. तो त्यांनी का घातला हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. सकाळी हळद उतरवताना सिद्धेने विचारलं होतं, "रोल घातला का अप्पा?" ते म्हणाले होते, "आणतो." मग अक्षता, आहेर, मानपान, यात ते राहून गेलं. अप्पा मांडव सोडून कुठे गेले नाहीत, हे बोहल्यावरून सिद्धेला दिसत होतं.

साडेबाराला उदगीरची जीप दारात लागली. राहुकाळ तोंडावर आला होता आणि व्याही भीमाशंकर सगळ्यांना गाडीत लोटत होते. "चला, चला, बसा, ट्रंक वर टाका." सिद्धा एकेकाच्या पाया पडत होती, कस्तुराबाई तिच्या ओटीतलं खोबरं पुन्हा पुन्हा नीट करत होत्या, ड्रायव्हरने हँडल मारून इंजिन चालू केलं होतं. अप्पांच्या पाया पडून झाल्यावर ती क्षणभर उभी राहिली. आता बापाने काहीतरी बोलायचं असतं. अप्पांनी टिपणीसाठी कोरा कागद पुढे आल्यासारखं तिच्याकडे पाहिलं. ती वळली, एक पाय जीपच्या पायरीवर ठेवला.

अप्पांचे हात आपोआप कॅमेऱ्याकडे गेले. त्यांनी तो डोळ्याला लावला.

सगळं थांबलं. भीमाशंकर छाती काढून उभे राहिले. नवरदेवाने फेटा सरळ केला. ट्रंक उचललेले दोघे ट्रंक डोक्यावर घेऊन तसेच थांबले. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, गाडी थरथरली तर फोटो हलेल म्हणून. बन्सीधर कस्तुराबाईंच्या शेजारी, हात जोडून. आणि मधोमध सिद्धा, एक पाय पायरीवर, एक हात जीपच्या दांड्यावर, मान मागे वळलेली.

काटा थेट वर जाऊन टेकला होता. उजेड इतका की सेकंदाचे हजार तुकडे करता आले असते.

अप्पांनी खटका दाबला नाही.

"झाला का, अप्पा?" भीमाशंकरांनी ओठ न हलवता विचारलं.

"थांबा जरा," अप्पा कॅमेऱ्याच्या आडून म्हणाले. "उजेड कमी हाय."

वैशाखातली परभणीतली दुपार होती. रस्त्यावरचं डांबर पायताणाला चिकटत होतं. पण कोणी वर पाहिलं नाही, फोटो काढताना वर पाहायचं नसतं. राहुकाळाचंही कोणी नाव काढलं नाही. सगळे श्वास धरून उभे राहिले.

कॅमेऱ्यात रोल नाही, हे त्या सगळ्यांत एकट्या सिद्धेला माहीत होतं.

ती हलली नाही.